गोलकीपरच्या शर्टातले दोन टक

नाही, हा शर्ट माझा नाही. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा विचारलंत तर मशीन बंद करून उठेन. या फुटबॉल संघाचे शर्ट मी शिवतो, बरोबर — एकोणीस वर्षं शिवतोय, मैदानामागच्या गल्लीत मशीन घेऊन बसणारा दुसरा होता कोण — पण हा माझा नाही. पाठीवर एक नंबर आहे म्हणून काय झालं? नंबर कुणीही लावतो. ठेवा परत पिशवीत. टेबलावर नको, टेबलावर लोकांचं पांढरं कापड आहे आणि या शर्टाला माती आहे, गोलच्या तोंडाशी गवत झिजून उघडी पडते ती. बसायचंच असेल तर त्या स्टुलावर बसा. खुर्ची गिऱ्हाइकाची. तुम्ही गिऱ्हाईक आहात का? मग उभे राहा, माप घेतो. नाही ना? वाटलंच मला.

सापडला म्हणता. कुठे? बाकाखाली. बरं. बाकाखाली फाटका शर्ट सापडला तर माणूस काय करतो — तिथेच ठेवतो, नाहीतर मैदानाच्या रखवालदाराकडे देतो. घडी घालून, पिशवीत भरून, मैदानाला वळसा घालून शिंप्याकडे आणत नाही. आणि आणलाच तर ‘शिवून द्या’ म्हणतो. तुम्ही आल्यापासून एकदाही शिवून द्या म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, हा कुणी शिवला. दोन्हींत फरक आहे, साहेब. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण एवढा फरक मला कळतो.

आणि खेळाची आवड असलेला साधा माणूस, हे दुसऱ्या कुणाला सांगा. तुमच्या कॉलरखाली दोन्ही बाजूंना कापड घासून पातळ झालंय. टायने तसं होत नाही. गळ्यात दोरी अडकवून ती वर्षानुवर्षं ओढली की होतं. शिट्टीची दोरी. वरचा खिसा खालच्या कोपऱ्यात उसवलाय आणि घरी कुणीतरी काळ्या दोऱ्याने शिवलाय — वाईट शिवलाय — तिथे छोट्या वहीचा कोपरा टोचतो. बुटाच्या शिवणीत चुना आहे, मैदानावर रेषा मारतात तो. म्हणजे आधी पंच होतात, आता संघटनेत खुर्चीवर बसता आणि अधूनमधून मैदानात उतरता. चुकलं असेल तर सांगा. — हात खिशाकडे गेला. मग चुकलं नाही.

गोलकीपर माझा नातू आहे, यात लपवण्यासारखं काय? मुलीचा मुलगा. कार्ड आहे, कार्डावर फोटो आहे, फोटोवर तुमच्याच संघटनेचा शिक्का आहे. सात सामने झाले, सातही वेळा तुमच्या माणसाने कार्ड बघितलं, तोंड बघितलं, आत सोडलं. आता आठव्या वेळी डोळे उघडले? — बोलत नाही म्हणता. नाही बोलत. संघातली पोरं मुका म्हणतात त्याला. आमच्या घरात कुणी फार बोलत नाही. मी बोलतोय ते तुम्ही समोर येऊन बसलाय म्हणून. गोलकीपरने ओरडायला हवं, पुढच्या पोरांना सांगायला हवं — कुणी ठरवलं? टाळी वाजवतो तो. एक टाळी म्हणजे मागे या, दोन टाळ्या म्हणजे बॉल माझा, मध्ये कडमडू नका. सात सामन्यांत तीन गोल खाल्लेत, त्यातली एक पेनल्टी. ओरडणाऱ्यांनी किती खाल्ले ते विचारा जरा. आणि त्या लांबड्या पोराने खांदा धरून शर्ट टरकावला, तरी बॉल सोडला नाही, पोटाशी धरून पडून राहिला, शिट्टी वाजली तरी — मी कुठे गेलो होतो बघायला? मी नाही जात. लोक सांगतात. शिंप्याकडे माणूस मापासाठी हात वर करतो आणि त्याचं तोंड आपोआप सुटतं, मला काही विचारावं लागत नाही.

भेटायचंय? नाही भेटता येणार. घरी नाही तो. सरावाला गेलाय. — कुठला आवाज? आतल्या खोलीतला? मांजर असेल. — हो, कॅरमच्या सोंगट्यांसारखा आला खरा. मांजराने बोर्ड पाडला असेल. — पुन्हा आला. येऊ दे. तुम्ही शर्टासाठी आलात की मांजरासाठी?

माझा नाही म्हटलं ना. या शर्टात टक आहेत. टक म्हणजे काय ते ठाऊक आहे का? कापडाला आतून चिमटा घेऊन शिवतात, बायकांच्या कपड्यांत असतात. फुटबॉलच्या शर्टात टक कोण काढेल? कुणीतरी दुसऱ्याने शिवलाय, माझी नक्कल करून. शिवणीच्या शेवटी तीन टाके उलटे मारलेत, ती माझी सवय आहे, पण ती कुणीही उचलेल.

कोण म्हणालं? थांबा. झटपटकडे गेला होतात? आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे? चौकात काचेचं दुकान थाटून बसलाय तो — आम्ही सगळे झटपट म्हणतो त्याला, एका दिवसात पॅन्ट देतो आणि दुसऱ्या दिवशी तिची शिवण जाते — माझ्याच हाताखाली दोन वर्षं होता, एक काज सरळ आलं नाही त्याला. काय म्हणाला? चुकून पडलेत? म्हाताऱ्याचा हात थरथरतो आताशा, कापड सुईखाली गोळा होतं, चिमटा बसतो, आणि म्हाताऱ्याला दिसतही नाही. असं म्हणाला? हसून म्हणाला?

आणा तो शर्ट इकडे. आणा म्हणतो ना. राहू दे ते पांढरं कापड.

हे बघा. उलटा केला. हा डावा टक. मुंढ्यातून निघतो, बाही जोडतात त्या गोलाईतून, साडेतीन इंच तिरका खाली येतो आणि संपतो. कुठे संपतो? बोट फिरवा. अजून फिरवा. लागलं काही? नाही लागणार. टक असा संपला पाहिजे की संपला कुठे ते बोटाला कळू नये. आता उजवा. ही टेप घ्या, तुम्हीच लावा. किती? बोला ना मोठ्याने. साडेतीन. चुकून पडलेला चिमटा दोन्ही बाजूंना साडेतीन पडतो? त्याच तिरकाईत पडतो? आणि ही स्पंजाची पट्टी बघा, छातीवर आडवी, अस्तरात टाचलेली — बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, गोलकीपरला मार लागू नये म्हणून आहे. पण हिच्याखाली टक दिले नसते तर हात वर केल्याबरोबर पुढचा सगळा भाग वर चढला असता, आणि बॉल बाजूला राहून हात शर्ट खाली ओढायला गेला असता. मुलग्यांच्या शर्टाला टक लागत नाही, कापड सरळ पडतं. इथे सरळ पडणार नव्हतं. म्हणून काढले. टेप न लावता काढले, नुसत्या नजरेने, आणि दोन्ही साडेतीन आले! त्रेपन्न वर्षं बसलोय या मशीनवर. हात थरथरतो म्हणे. जा, सांगा त्या झटपटला, असा एक टक काढून दाखव म्हणावं, मग मी—

वही कशाला काढलीत?

नाही. थांबा. मी काय म्हणालो? काही म्हणालो नाही मी. मी कापडाबद्दल बोलत होतो.

असं असं. म्हणून त्या झटपटचं नाव घेतलंत. तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच मी तुम्हाला ओळखलं, स्टुलावर बसवलं, एका शब्दाला सरळ उत्तर दिलं नाही — आणि मग स्वतःच्या हाताने शर्ट उलटा करून दाखवला. वर टेप पण दिली. कुणाला दोष देणार? ठेवा ती पेन्सिल. ठेवा, आणि दुकानाचं दार लोटा. आता तुम्हाला अर्धं कळलंय, आणि उरलेलं तुम्ही तुमच्या मनाने भरणार. ते मला नको. मनाने भरलेलं नेहमी घाण असतं. तेव्हा पूर्ण ऐका.

माझी नात आहे ती. तिचा भाऊ आत कॅरम खेळतोय. कार्ड त्याचं. मोसम सुरू व्हायच्या आठ दिवस आधी सायकलवरून पडला, पाय मोडला, आणि संघात गोलकीपरची जागा एकच, एकदा गेली की गेली. एक-दोन सामने ती उभी राहील, मग हा बरा होऊन परत जाईल, असं दोघांनी आपापसांत ठरवलं. मला विचारलं नाही, आईला विचारलं नाही. तोंडवळा एकच आहे दोघांचा, वर्षाचं अंतर. केस तिने स्वतःच कापले, माझ्याच कात्रीने, आणि आईला सांगितलं, उवा झाल्या होत्या. तीन महिने झाले, तो पोरगा घराबाहेर पडलेला नाही. प्लास्टर निघालं तरी अजून लंगडतो, आणि लंगडणारा गोलकीपर रस्त्यात कुणाला दिसला तर झालंच ना कल्याण. मग एकटाच कॅरम खेळतो, दोन्ही बाजूंनी, आणि हरला की चिडतो. परवा मी म्हटलं, आता तू बरा होत आलास, तूच जा की अंतिम सामन्याला. तर म्हणतो कसा, आजोबा, बॉल अंगावर आला की मी डोळे मिटतो. ती नाही मिटत. असं म्हणाला आणि पुन्हा सोंगटी मारली. सोळा वर्षांचा मुलगा.

मला कसं कळलं? धुण्यावरून. तिच्या आईची इस्पितळात दिवसपाळी असते, धुणं मी वाळत घालतो. भावाची हाफपॅन्ट दोरीवर, आणि डाव्या कुशीवर मातीचा डाग, धुऊनही न गेलेला. पाय प्लास्टरमध्ये असलेला मुलगा डाव्या कुशीवर पडतो कशाला? पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी दुकान बंद केलं आणि मैदानावर गेलो. हो, गेलो. मघाशी नाही म्हटलं, आता हो म्हणतो. पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो. हातात छत्री होती, आभाळात ढग नव्हता. कानाला धरून तिला घरी आणणार होतो, हे हवं तर लिहून घ्या.

भावाचा शर्ट घातला होता. मीच शिवलेला, पण त्याच्या मापाचा — खांदे उतरलेले, बाह्या दुमडलेल्या. आणि आतून काहीतरी आवळून बांधलेलं. माझ्याच दुकानातली अस्तराची पट्टी होती ती, नंतर बघितलं मी, थानातून फाडून नेलेली, चार वेढे दिलेले. अर्धा सामना झाला असेल. बॉल आला, उंच, तिच्या डावीकडे. ती उडाली. मला खेळातलं कळत नाही, पण एखादं काम वेळेवर झालं की नाही ते कळतं, आणि ती वेळेवर उडाली होती. हात पोचायला हवा होता. चार बोटं कमी पडला. का? तो वेढा बगलेत रुतला, वर मुंढा खाली उतरलेला, हात खांद्याच्या वर जाईना. गोल झाला. पोरं तिच्या अंगावर ओरडली, काय रे मुक्या, झोपला होतास का. ती उठली, शर्ट खाली ओढला, बॉल जाळीतून काढून दिला. साहेब, तो गोल तिच्यामुळे झाला नाही. कपड्यामुळे झाला. शिंप्याची नात, आणि कपड्यामुळे गोल खाते. मला तिथे उभं राहवेना. छत्री घेऊन तसाच परत आलो.

ओरडलो? नाही. अजून एक शब्द बोललेलो नाही त्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी हा शर्ट कापला, संध्याकाळी तिच्या खुंटीला लावला. तिने घातला. ना तिने विचारलं, ना मी सांगितलं. तेव्हापासून सामना झाला की शर्ट माझ्या मशीनवर येऊन पडतो, आणि जिथे काचत असेल तिथे टाचणी लावलेली असते. माझी जुनी गिऱ्हाइकं तसंच करतात, लहानपणापासून बघत आलीय ती. उजव्या बगलेत टाचणी — मी तिथे जादा तुकडा घातला. कोपराला टाचणी — स्पंज वाढवला. कॉलरला टाचणी — कॉलरच काढून टाकली. सहाव्या सामन्यानंतर शर्ट आला त्याला एकही टाचणी नव्हती. मला वाटलं पडली असेल. शर्ट झटकला, मशीनखाली वाकून बघितलं, चुंबक फिरवला. नव्हतीच. त्या दिवशी मी दुकानात बसून— जाऊ द्या. त्याचा तुमच्याशी संबंध नाही.

पण म्हणून मला हे पटलंय, असं समजू नका. दुसऱ्याच्या नावाने खेळणं म्हणजे खोटेपणा. नियम तुम्ही मला सांगायची गरज नाही. आईला ठाऊक आहे का? नाही. कोण सांगणार? मी? मी कुठल्या तोंडाने सांगू? तिची आई पळायची. शंभर मीटर. शाळेत तिच्यापुढे कुणी नव्हतं, मुलगेसुद्धा नाहीत. तेरा वर्षांची असताना माझ्यासमोर येऊन उभी राहिली, म्हणाली, बाबा, मला पळायला हाफपॅन्ट शिवून द्या. मी म्हटलं, नाही. मान वर न करता म्हटलं, माझं काज चाललं होतं. तिने पुन्हा विचारलं नाही. तेवढंच नाही, त्यानंतर तिने माझ्याकडे काहीच शिवायला टाकलं नाही. लग्नातसुद्धा बाजारातले तयार कपडे घातले, खांद्यात अर्धा इंच मोठे. आणि मी दिवसभर तो अर्धा इंच बघत बसलो. आजही तयारच घालते. लोक विचारतात, शिंप्याची मुलगी आणि तयार कपडे? मी सांगतो, तिला मापाला यायला वेळ नसतो. — हे मी तुम्हाला का सांगतोय? तुम्ही विचारलं नव्हतंत. यातलं काही लिहिलं असेल तर खोडा. माझ्यासमोर खोडा.

रविवारी अंतिम सामना आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, तुमचीच जाहिरात आहे भिंतीवर. तो तिचा शेवटचा. पुढच्या मोसमात कितीही स्पंज भरला तरी झाकणार नाही. माझा धंदा आहे, अंग कुठे आणि किती वाढणार ते मला आधी कळतं. मुलींचा संघ आहे तुमच्या संघटनेकडे? नाही. जवळपास कुठे आहे? नाही. मग ती पुढे खेळणार कुठे? अंगणात? तेव्हा रविवारची नव्वद मिनिटं, मग संपलं. तिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. बोललो नाही आम्ही.

मी आजवर कुणाकडे काही मागितलेलं नाही. मागायची पद्धत मला ठाऊक नाही. शर्ट तुमच्याकडे आहे, वही तुमच्याकडे आहे, मी म्हातारा कुठे पळून जातोय? सोमवारी लिहा. एवढंच म्हणतो. सोमवारी जे लिहायचं ते लिहा, मला बोलवा, मी येऊन उभा राहतो, सगळं मी करायला लावलं म्हणून सांगतो. पण सोमवारी.

काय? — पुन्हा बोला. — कागद? घरून लिहूनच आणलाय? वाचा. मला छापील जमतं, हाताने लिहिलेलं जमत नाही. सावकाश वाचा. ‘सदर शर्टावरील दोन टक हे हेतुपुरस्सर नसून, वयोमानाने हात थरथरत असल्यामुळे माझ्याकडून झालेली शिलाईतील चूक आहे. गोलकीपर हा माझा नातू आहे.’ थांबा. पहिल्यापासून पुन्हा वाचा.

म्हणजे तुम्ही मघाशी झटपटचं ते सांगितलंत — ते मला डिवचायला नव्हतं? मी नुसती मान हलवायची होती? हो बाबा, थरथरतो हात, झाली चूक, असं म्हटलं असतं की तुम्ही हा कागद पुढे केला असता, मी सही केली असती, तुम्ही चहा घेऊन गेला असता. आणि मी काय केलं? तुमच्या हातात टेप दिली.

नाही, पण थांबा. एवढं सोपं नसतं काही. तुम्हाला यातून काय मिळणार? खरं सांगा. दया म्हणालात तर आत्ता बाहेर काढीन, ओळख ना पाळख, दया कसली? — हं. — हं. रविवारच्या समोरच्या संघाने या टकांवरून तक्रार केलीय. सात वेळा कार्ड तपासलं, त्यातल्या पाच वेळा टेबलावर तुम्हीच होतात. सही तुमची. आता मुलगी निघाली तर संघटनेचं हसं होणार, आणि पहिली खुर्ची तुमची जाणार. असं सरळ बोला ना! आता पटलं. स्वतःची कातडी वाचवायला आलेल्या माणसावर एक वेळ विश्वास ठेवता येतो. — आणि काय? उपांत्य सामन्यात तिने तो शेवटचा बॉल कसा अडवला ते तुम्ही बघितलं? बघितलं असेल. त्याचं मला सांगू नका. दुसरं कारण काढू नका, पहिलं पुरेसं आहे.

कागद दाखवा. मागे काही लिहिलंय? कोरा आहे. खाली जागा का सोडलीय एवढी? नंतर काही भरायला? मारा आडवी रेघ तिथे. हं. आता ते ‘हात थरथरत असल्यामुळे’ काढा. ‘नजर कमी झाल्यामुळे’ लिहा. चष्मा सगळ्यांनाच लागतो, त्यात काही नाही. — का चालत नाही? झटपटची साक्ष थरथरण्याची आहे. दोन्ही जुळायला हवं. त्याने सही दिली पण? आनंदाने दिली असेल. दोन्ही कागद कुठे लागणार? मैदानाच्या दाराशी, फळ्यावर. रविवारच्या आधी. म्हणजे तिथून येणारा जाणारा प्रत्येक जण वाचणार. माझी गिऱ्हाइकं तिथूनच जातात, साहेब. उद्या कोण मला कापड देईल? थरथरत्या हाताखाली कोण कापड देतं? मी नसतं दिलं.

...

आतला कॅरम थांबलाय बघा. कान लावून बसलाय कार्टा.

द्या पेन. कुठे? इथे? सरका जरा, उजेड येऊ द्या. झाली. घ्या. — आता काय? का बघताय असं? सरळ आलीय? एका रेषेत आलीय? मग सही सरळच येते माझी. — असं. थरथरणाऱ्या हाताची वाटत नाही. समोरच्या संघाचा माणूस तेवढंच धरून बसेल. दुसरा कागद आहे? आहे. सगळी तयारी करून निघालात. द्या.

थांबा, माझा हात हलवू नका. मला जमेल.

हं. बघा ही. वाकडी आली ना? पुरेशी वाकडी आहे? त्रेपन्न वर्षांत या हाताने जाणूनबुजून वाकडं असं काही काढलं नव्हतं. पहिला कागद फाडा. इथे, माझ्यासमोर. बारीक.

झालं तुमचं काम. उठा. शर्ट ठेवून जा. नाही, हा दुरुस्त करणार नाही, हा आता चार लोकांनी उलटापालटा करून पाहिलाय. रविवारच्या आत नवा शिवायचाय मला, आणि शिवताना समोर कुणी बसलेलं मला चालत नाही. आणि या वेळी टक असे खांद्याच्या शिवणीत मुरवतो, की झटपट काय, त्याचा बाप आला तरी त्याला—

निघा म्हटलं ना. दार ओढून घ्या.